सगळ्यांना आहेर पोचला का?

लग्नपत्रिका हातात आली की लोक तारीख आणि मुहूर्त पाहतात, मी वेलांट्या पाहतो. 'आशिर्वाद' असं छापलेलं दिसलं की वधूवरांच्या भविष्याची उगाचच काळजी वाटू लागते. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाची ही खोड त्याच्याबरोबरच जायची. आपल्याकडे असा माणूस एकटा पडतो. हॉटेलात मेनूकार्डावरची 'मिसळ स्पेशीयल' त्याला घशाखाली उतरत नाही आणि बरोबरचे लोक म्हणतात, "अहो, कळलं ना काय ते? मग खा की!" म्हातारपणी मात्र मला असा एक देश पाहायला मिळाला, जिथे ही खोड शाळेत शिकवतात, दूरचित्रवाणीवर दाखवतात आणि रस्त्यावर बाकं मांडून साजरी करतात.

तो देश फ्रान्स. कोणीतरी मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी न चुकता लिहायचं, या खेळाला तिथे 'दिक्ते' म्हणतात. खेळ म्हणजे आपलं श्रुतलेखनच, पण त्याचा मान निराळा. 'कार्मेन'ची कथा लिहिणाऱ्या प्रॉस्पेर मेरिमेने १८५७ साली तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारात करमणूक म्हणून एक अवघड उतारा घातला. असं सांगतात की खुद्द सम्राटाच्या ७५ चुका झाल्या, सम्राज्ञीच्या ६२ आणि धाकट्या अलेक्झांडर द्युमासारख्या लेखकाच्या २४. सगळ्यांत कमी, म्हणजे ३, चुका केल्या त्या ऑस्ट्रियाच्या राजदूताने. परक्या माणसाने घरच्यांना त्यांच्याच भाषेत हरवल्याची ही गोष्ट फ्रेंच लोक अजूनही हौसेने सांगतात. पुढे १९८५ पासून बेर्नार पिव्हो या पत्रकाराने शुद्धलेखनाच्या स्पर्धा सुरू केल्या. तो टीव्हीवर उतारा वाचायचा आणि घरोघरी लोक कागद-पेन घेऊन बसायचे. १९९२ साली तर त्याने न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या सभागृहात दिक्ते घातली. युद्ध आणि शांततेच्या वाटाघाटी जिथे होतात तिथे त्या दिवशी लोक व्यंजन एकदा की दोनदा यावर घाम पुसत होते. आणि २०२३ च्या जूनमध्ये पॅरिसच्या शाँझ-एलिझेवर, जिथून एरवी सैन्याची संचलनं जातात त्या रस्त्यावर, दीड हजारांहून अधिक बाकं मांडून हजारो लोकांनी भर उन्हात श्रुतलेखन केलं. आपल्याकडे रस्त्यावर मांडव घालायला पुष्कळ कारणं आहेत, पण हे अजून कोणाला सुचलेलं नाही.

या सगळ्याची सुरुवात सात-आठ वर्षांच्या वयात होते. माझी लेक आणि जावई तुलूझला असतात. जावई विमानांच्या कामात, लेक संगणकाच्या, आणि नात ईरा तिकडच्या तिसरीत. मी गेलो ते नातीला गोष्टी सांगायला. राहिलो ते तिची दिक्ते घ्यायला.

सोमवारी शब्दांची यादी येते, शुक्रवारी दिक्ते होते. मधले दिवस घरच्यांचे. इथे एक गंमत आहे. फ्रान्समध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना लेखी गृहपाठ द्यायला १९५६ पासून बंदी आहे, तसं सरकारी परिपत्रकच आहे. पाठ करायला द्यायला मात्र हरकत नाही. त्यामुळे बाई 'शब्द लिहून आणा' असं म्हणत नाहीत, 'शिकून या' म्हणतात. आता लिहिल्याशिवाय ते शिकायचे कसे, हे ज्याचं त्याने पाहावं. नियम मोडत नाही, काम अडत नाही आणि जाब कोणालाच विचारता येत नाही. पुण्यात वाढल्यामुळे मला ही व्यवस्था समजायला वेळ लागला नाही.

लिहायचं तेही जपून. वहीची आखणी सेयेस नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याने १८९२ साली नोंदवून ठेवलेली. आठ मिलिमीटरचे चौकोन आणि त्यांच्या आत दोन-दोन मिलिमीटरवर फिकट आडव्या रेघा. त्यात एलने तीन घरं चढायचं, टीने दोनच. टी चुकून तिसऱ्या घरात डोकावला तर शब्द बरोबर असूनही बाईंची भुवई वर जाते. म्हणून सरावाला घरी वही नको, पांढरी पाटी बरी. फेल्ट पेनने लिहा, फडक्याने पुसा. पाटीवरच्या चुकीला इतिहास नसतो, त्यामुळे मूल बेधडक लिहितं.

वाचून दाखवायचं कोणी, हा प्रश्न आला. लेकीचं फ्रेंच पुण्यात शिकलेलं, चांगलं आहे, पण तिचा 'र' ऐकला की ईरा पोट धरून हसते. जावयाचा दिवस कचेरीत इंग्रजीत जातो. उरलो मी, ज्याला फ्रेंचमधलं 'बाँझूर' आणि 'मेर्सी' याखेरीज काही येत नाही. ईराने एका संध्याकाळी निकाल दिला, "आबा, तू वाच. तू हसवत नाहीस."

मग आम्ही एक पद्धत बसवली. यादी आली की ईरा एकेक शब्द मला म्हणून दाखवते आणि मी तो ऐकू येईल तसा देवनागरीत उतरवून घेतो. दुसऱ्या दिवशी तिचा कागद मिटतो आणि मी माझ्या कागदावरून वाचतो. ईराला देवनागरी अडखळतच वाचता येते, त्यामुळे माझा कागद टेबलावर उघडा पडला तरी डोकावण्याची भीती नाही. तिचं लिहून झालं की शाळेची यादी आणि तिची पाटी शेजारी ठेवून मी अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. अर्थ कळण्याची गरज नाही. छापखान्यात आम्ही तेच तर करत होतो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण, सगळं तोंडाने म्हणत, आणि दुसऱ्याने प्रूफावर बोट फिरवायचं. फ्रेंच बाईही दिक्ते घालताना विरामचिन्हं अशीच तोंडाने म्हणतात, हे कळलं तेव्हा मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

माझा कागद मात्र बघण्यासारखा असायचा. त्यावर एकाखाली एक लिहिलेलं: व्हेर, व्हेर, व्हेर, व्हेर. एक हिरवा, एक काचेचा पेला, एक अळी आणि एक 'कडे', म्हणजे 'घराकडे'मधला. चौघांचं स्पेलिंग वेगळं, आवाज एक. मी "व्हेर" म्हटलं की ईरा विचारायची, "कुठला?" मग मी खुलासा करायचो, "गवत असतं तो व्हेर." "सफरचंदातून डोकं काढतो तो व्हेर." शेजारच्या मादामनी यात पाचव्याची भर घातली. खारीच्या मऊ कातड्यालाही व्हेरच म्हणतात म्हणे. पेरोने १६९७ साली सिंड्रेलाला काचेची सपात घातली, पण काचेची सपात घालून कोणी नाचतं का, ती खारीच्या कातड्याचीच असणार, असं पुढे बाल्झाकसकट अनेकांनी सुचवलं. पेरोने छापलं होतं काचेचीच. तरी नुसत्या कानावर विसंबलं तर पायातली वस्तू बदलते, एवढं त्यातून ईराला पटलं. 'पक्षी' या शब्दाचं अनेकवचनही असंच. म्हणायचं 'वाझो', लिहायची सात अक्षरं, आणि त्यांतलं एकही स्वतःच्या नेहमीच्या आवाजात बोलत नाही.

शब्द पाठ करता येतात. खरी अडचण वाक्यात येते. 'ला पतित फीय शाँत' म्हणजे लहान मुलगी गाते. 'ले पतित फीय शाँत' म्हणजे लहान मुली गातात. कानाला फरक एवढाच, ला चा ले झाला. कागदावर मात्र चारही शब्द बदलतात. विशेषणाला एस लागतो, नामाला एस लागतो, क्रियापदाला ईएनटी लागतात, आणि ही सगळी अक्षरं मुकी. आपल्याकडे 'मुली' म्हटलं की अनेकवचन कानात शिरतं, 'गातात'मध्ये पुन्हा शिरतं. तिकडे कानाला एक खूण देतात आणि हाताकडून चार वसूल करतात.

हे आठ वर्षांच्या मुलीला समजवायचं कसं? शाळेत बाई नामापासून त्याच्या आगेमागच्या शब्दांपर्यंत बाण काढायला लावतात. ते बरोबरच आहे, पण बाण काढायचं लक्षात राहायला आधी ते नातं लक्षात राहावं लागतं. मला आपल्या लग्नातला मानपान आठवला. मुख्य मानकऱ्याला आहेर केला की त्याच्याबरोबर आलेल्या भावकीलाही करावा लागतो. एकजण राहिला तरी तो रुसतो, आणि रुसवा दिवाळीपर्यंत पुरतो. फ्रेंच वाक्यात नाम हा मानकरी. तो अनेकवचनी होऊन मांडवात आला की विशेषणाला उपरणं द्या. क्रियापद पडलं विहीणबाईंच्या तोऱ्याचं, त्याला उपरणं चालत नाही, साडीच लागते. कोणाला काय मिळालं ते ऐकू येत नाही. ज्याला मिळालं नाही त्याच्याखाली मात्र बाई रेघ ओढतात.

ईराने आहेर पाहिला नव्हता. मग तिच्या आईच्या लग्नाचा अल्बम निघाला. त्यात हातात टोपी-उपरणं घेऊन अवघडून उभे राहिलेले काका आणि साडीचा पोत चिमटीत धरून पाहणाऱ्या आत्या तिला नीट दिसल्या. आधी एसला ती टोपी म्हणणार होती, पण फ्रेंच मुलांकडे टोपी हे नाव अक्षरावरच्या ^ या खुणेला आधीच दिलेलं निघालं. 'शिखर' या शब्दाच्या आयवर टोपी नाही आणि 'दरी'च्या आयवर आहे, का, तर शिखराची टोपी वाऱ्याने उडून दरीत पडली, असं तिथे पाठ करतात. तेव्हा एसला उपरणं आणि ईएनटीला साडी हे नक्की झालं. त्यानंतर लिहून संपलं की मी एकच प्रश्न विचारायचो, "सगळ्यांना आहेर पोचला का?" ती पाटीवर बोट ठेवून हजेरी घ्यायची, "पतितला उपरणं, फीयला उपरणं, शाँत... अय्यो, साडी!"

न ऐकू येणाऱ्या खुणांचं मला नवल नव्हतं. माझ्या पिढीने प्राथमिक शाळेत 'केलें', 'तें', 'घरांत' असं लिहिलं आहे. ते अनुस्वारही मुकेच होते. नाकातून कोणी उच्चारत नसे, पण एक नपुंसकलिंग सांगायचा, एक सप्तमी. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले आणि हे अनुच्चारित अनुस्वार गेले. आमच्या गुरुजींनी ज्या टिंबासाठी छडी वापरली, तेच टिंब दिलं म्हणून पुढे गुण कापले जाऊ लागले. फ्रान्समध्येही १९९० साली अशीच थोडी झाडलोट ठरली. कांद्याच्या 'ओन्यों'तला आय वगळला तरी चालेल, काही टोप्या उतरवल्या तरी चालतील, असं सरकारी राजपत्रात छापून आलं. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पंचवीस वर्षांनी, २०१६ साली, शाळेच्या पुस्तकांचे प्रकाशक ते अमलात आणणार अशी बातमी आली आणि मग देश पेटला. माणसं टोपीच्या बाजूने उभी राहिली. आम्ही आमचे अनुस्वार किती मुकाट्याने जाऊ दिले, या विचाराने मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

फ्रेंच पोरांच्या पाठांतरात गमतीही आहेत. मरण्याच्या क्रियापदात आर एकदाच, कारण माणूस एकदाच मरतो. पोसण्याच्या क्रियापदात आर दोनदा, कारण खाणं रोज लागतं. धावण्याच्या क्रियापदात आर पुन्हा एकच, कारण धावताना हवा कमी पडते, आणि हवेला त्यांच्याकडे म्हणतात 'एर', आर या अक्षरासारखंच. ज्याने हे रचलं त्याचा पत्ता मिळाला तर मी त्याला पुण्याहून आंबा बर्फी पाठवीन.

शेजारच्या मादामना मात्र या गमती पसंत नव्हत्या. त्या जुन्या प्राथमिक दाखल्याच्या परीक्षेला बसलेल्या. ती परीक्षा १९८९ साली बंद झाली. त्यांच्या काळी दिक्तेत पाच चुका झाल्या की शून्य, आणि शून्य मिळालं की दाखला गेला. "आताच्या मुलांना काही येत नाही," असं त्या म्हणायच्या, म्हणजे ईरा तसं भाषांतर करायची, आणि करताना 'आताच्या मुलांना' या शब्दांशी डोळे फिरवायची. मादामच्या म्हणण्याला आधार आहे. तिकडच्या शिक्षण मंत्रालयाने एकच छोटा उतारा पाचवीच्या वयाच्या मुलांना वेगवेगळ्या काळी घातला. १९८७ साली सरासरी ११ च्या आत चुका होत्या, २०२१ साली १९ च्या वर गेल्या. वाढलेल्या चुकांत मोठा वाटा व्याकरणाच्या मेळाचा. म्हणजे मुलांना शब्द येतात, आहेर राहून जातात.

पण मादामकडून एक चांगली मदत झाली. दक्षिणेतली माणसं शब्दाच्या शेवटचा ई अर्धवट का होईना उच्चारतात. पॅरिसवाले 'पतित' म्हणून थांबतात, मादाम 'पतितअ' म्हणतात. स्त्रीलिंगाचा तो ई त्यांच्या तोंडून ईराला फुकटात ऐकू यायचा. त्यामुळे कधीमधी संध्याकाळी त्यांना कॉफीला बोलवून वाक्यं वाचायला लावायचो. त्या शिस्तीने वाचायच्या, प्रत्येक तुकडा दोनदा, आणि मान वर न करता. तेवढा वेळ आमच्या घरात १९५० चं दशक असायचं.

चुका दाखवण्याच्या बाबतीत मात्र मी त्यांचं ऐकलं नाही. छापखान्यात चूक सापडली की आम्ही समासात खूण करायचो, जुळाऱ्याला हाक मारून त्याची लाज काढत नव्हतो. प्रूफाचं कामच ते आहे, चुका छपाईच्या आधी सापडाव्यात म्हणून तर ते काढतात. ईराला मी धंद्यातली दोन गुपितं दिली. एक, आपलं लिहिलेलं शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे वाचायचं. सरळ वाचताना डोळा अर्थाच्या मागे धावतो आणि अक्षरं वगळतो. उलटं वाचताना अर्थ लागतच नाही, त्यामुळे अक्षरंच दिसतात. दोन, एका वेळी एकच गोष्ट शोधायची. एका फेरीत फक्त क्रियापदं, दुसरीत उपरणी, तिसरीत ते एकसारखे ऐकू येणारे व्हेर. उलटी फेरी शब्दांसाठी, सुलटी आहेरासाठी. तिच्या बाईही फेऱ्यांनीच तपासायला सांगतात हे कळल्यावर ईराला माझ्याबद्दल थोडा आदर वाटू लागला. बाई आणखी एक करतात, ते मला फार आवडलं. चुकलेले शब्द मोजण्याऐवजी त्या बरोबर आलेले शब्द मोजतात. आमच्या धंद्यात ही पद्धत असती तर मी निवृत्तीच्या वेळी कोट्यधीश असतो.

तरीही मला वाटतं, या कामात माझी खरी लायकी माझ्या न येण्यात होती. ज्याला भाषा येते त्याला राहवत नाही. मुलाचा हात थबकला की तो लगेच सांगून मोकळा होतो, "एस राहिला बघ." एस लागतो, पण तो मोठ्या माणसाचा एस असतो. शुक्रवारी वर्गात ते मोठं माणूस नसतं. मला काही सांगताच येत नव्हतं, फक्त विचारता येत होतं. कोण गातंय? एकजण की पुष्कळजणी? त्यांच्याबरोबर कोण आलंय? उत्तर तीच शोधायची, आणि सापडलं की मला समजावून द्यायची. मला समजावून देणं हे सोपं काम नाही, माझे प्रश्न पुणेरी असतात. "पण ऐकू येत नाही तर लिहायचं कशाला?" असं मी मुद्दाम विचारलं की ती वैतागून म्हणायची, "आबा, ऐकणाऱ्यासाठी नाही, वाचणाऱ्यासाठी!" मुद्रितशोधकांच्या संघटनेने हे वाक्य लेटरहेडवर छापावं.

मी आता पुण्यात परत आलो आहे. सोमवारी यादी येते, मंगळवारी व्हिडिओ कॉल लागतो, मी माझा देवनागरी कागद चष्म्यासमोर धरतो आणि वाचतो, प्रत्येक तुकडा दोनदा. मधूनच नेट अडखळतं आणि वाक्याची शेपूट तुटते. लेक स्वयंपाकघरातून ओरडते, "बाबा, शब्दाचा शेवट नाही ऐकू आला!" ईरा लिहिता लिहिता उत्तर देते, "चालेल आई, तिथे नुसती उपरणीच आहेत."